शाळेतलं सूप: जर्मन अंमलातल्या दोन रोजनिश्या

मंडळी, सुरुवात अशा एका गोष्टीपासून करू, जी इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. वॉर्साच्या घेट्टोमध्ये, म्हणजे भिंत घालून ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, डॉ. यानुश कोर्चाक यांचं अनाथालय होतं. तिथल्या मुलांनी १८ जुलै १९४२ ला रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. खोलीत अडकलेला आजारी अमल, खिडकीबाहेरचं जग, राजाच्या पत्राची वाट. पुढे अडीच आठवड्यांनी कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुलं ट्रेब्लिंकाला नेली गेली.

आपल्याकडे ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात, आणि तो अभिमान काही खोटा नाही. पण कोर्चाकांनी स्वतः त्या दिवसांत रोजनिशी लिहिली आहे. तिच्यात त्या नाटकाच्याच सुमाराची आणखी एक हकिकत येते. अनाथालयात अन्नातून विषबाधा झाली. अंधारात मुलं ओकताहेत, कण्हताहेत, आणि मोठी माणसं पाण्याची भांडी घेऊन खाटांमधून चाचपडत फिरताहेत. शिवाय म्हातारे, आजारी कोर्चाक रोज दारोदार हिंडून मुलांसाठी धान्य-पैसा मागत होते. नाटकाची गोष्ट सांगणारे शंभर भेटतात. विषबाधेची सांगणारा आम्हाला अजून एकही भेटलेला नाही.

आज बोलायचं आहे ते या सवयीबद्दल. युद्धकाळातल्या मुलांचं लिखाण वाचताना आपण शाळा एका बाजूला काढतो आणि ताट दुसऱ्या बाजूला. शाळा, पुस्तकं, नाटक, भाषा हे 'जिद्दी'च्या खात्यात जातं. भूक ही पार्श्वभूमी, नेपथ्य. मग प्रस्तावनेत एक वाक्य येतं: अशा परिस्थितीतही मुलांनी शिक्षण सोडलं नाही. हे 'अशा परिस्थितीतही' फार सोयीचं आहे. ते एकदा म्हटलं की परिस्थिती वाचायची गरजच उरत नाही.

मुलांना शिकू न देणारे आणि त्यांचं अन्न तोडणारे मात्र या दोन गोष्टी वेगळ्या धरत नव्हते. हिमलरचं मे १९४० मधलं एक टिपण आहे, पूर्वेकडच्या बिगर-जर्मन लोकांचं काय करायचं यावर. त्यात शाळेबद्दल तो म्हणतो, चार इयत्तांच्या वर काही नको. पाचशेपर्यंतचा हिशेब, स्वतःचं नाव लिहिता येणं, आणि जर्मनांची आज्ञा पाळणं हा देवाचा हुकूम आहे एवढी शिकवण. वाचता येण्याची गरज नाही, असंही त्यात आहे. हा झाला अभ्यासक्रम. अन्नाचंही तसंच मापून ठरवलेलं. व्याप्त पोलंडमध्ये जर्मन माणसाला एक रेशन, पोलिश माणसाला त्याच्या कितीतरी खाली, आणि वॉर्सातल्या ज्यूला १९४१ मध्ये अधिकृतपणे दिवसाला दोनशे कॅलरींच्याही आत. म्हणजे कुणाच्या डोक्यात किती जायचं आणि कुणाच्या पोटात किती, दोन्ही एकाच राजवटीनं एकाच हेतूनं ठरवलेलं. आपणही ते एकत्रच वाचायला हवं.

त्यासाठी आज दोन रोजनिश्या घेऊ. एक सगळ्यांना माहीत असलेली, दुसरी मराठीत फारशी न वाचली गेलेली.

पहिली अर्थातच ॲन फ्रँकची. जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत अॅम्स्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात आठ माणसं लपून राहिली. लपण्याआधीचं वर्ष ॲननं ज्यू मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळेत काढलं होतं, कारण बाकीच्या शाळांची दारं बंद केली गेली होती. वर्गात बडबड करते म्हणून गणिताच्या मास्तरांनी तिला बडबडीवरच निबंध लिहायला लावला, ती हकिकत तुम्हाला आठवत असेल. लपल्यावरही अभ्यास चालू राहिला. फ्रेंच, शॉर्टहँड, इतिहास, राजघराण्यांच्या वंशावळी. बीजगणिताचा मात्र मनापासून तिटकारा. थोरली बहीण मार्गोट टपालानं लॅटिन शिकत होती, आणि तेही स्वतःच्या नावानं शक्य नव्हतं म्हणून मदत करणाऱ्या बेप या कचेरीतल्या मुलीच्या नावानं.

आता याच रोजनिशीत खाण्याचं काय आहे ते बघा. घेवड्याच्या वाळल्या दाण्यांची पोती माळ्यावर चढवताना एक पोतं उसवतं आणि जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या ॲनच्या पायाशी दाण्यांचा ढीग लागतो. एप्रिल १९४४ मधल्या एका नोंदीत ती आपल्या जेवणाचे 'कालखंड' पाडते, इतिहासाच्या पुस्तकात पाडतात तसे. एका काळात रोज एकच पालेभाजी, मग दुसरा काळ, त्यात सकाळ-संध्याकाळ आंबवलेली कोबी. आम्हाला ही नोंद फार आवडते. शाळेत शिकलेली इतिहासाची मांडणी ती कुजक्या भाजीवर वापरते आणि त्यातून विनोद काढते. इथं शाळा आणि ताट एकाच वाक्यात आहेत. पण आपल्या निवडक उताऱ्यांत ही नोंद क्वचितच येते. उतारे येतात ते माणसाच्या चांगुलपणावर तिचा विश्वास असल्याचे.

त्याहून महत्त्वाच्या दोन नोंदी आहेत. पहिली १३ डिसेंबर १९४२ ची. ॲन कचेरीच्या खिडकीच्या पडद्याआडून रस्ता बघते आहे. वस्तीतली मुलं इतकी घाणेरडी, की काठीनंसुद्धा शिवू नये, असं ती लिहिते. पुढे कल्पना करते, की गळ टाकून यांना एकेक वर ओढावं, न्हाऊ-माखू घालावं, कपडे शिवून द्यावेत आणि सोडून द्यावं. वर, उद्या परत तशीच होतील म्हणा. सुखवस्तू घरातल्या मुलीची नजर आहे ही, आणि तिच्यात तिरस्कार आहे. दुसरी नोंद बरोबर एका महिन्यानंतरची, १३ जानेवारी १९४३. तीच वस्ती, तशीच मुलं. आता ती बघते ते असं: अंगात पातळ सदरे, पायांत लाकडी बूट, कोट नाही, मोजे नाहीत. भूक मारायला गाजर चघळत ही मुलं थंड घरातून थंड रस्त्यानं आणखी थंड वर्गात जातात. रस्त्यात माणसांना अडवून पावाचा तुकडा मागतात.

डिसेंबरात जी घाण होती ती जानेवारीत कारणासकट दिसू लागली. साबण नाही, कोळसा नाही, कपडा नाही, म्हणून घाण. आणि हे दिसतंय कुणाला, तर जिला शाळेत जाता येत नाही अशा मुलीला. गारठलेल्या वर्गात का होईना, जाणाऱ्या मुलांकडे ती वरून बघते आहे.

इथं थोडं थांबायला हवं, कारण मामला वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. २८ मार्च १९४४ ला लंडनहून रेडिओवर डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना आवाहन केलं, की रोजनिश्या, पत्रं जपून ठेवा, युद्धानंतर गोळा करू. ते ऐकून ॲननं मे महिन्यात आपली रोजनिशी पुन्हा लिहायला घेतली. दोनशेहून जास्त सुटे कागद तिनं भरले. आणि डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या वर्षाची तिची मूळ वही हरवलेली आहे. म्हणजे आत्ता सांगितलेल्या दोन्ही नोंदी आपल्याकडे आहेत त्या १९४४ सालच्या पुनर्लेखनातून. पंधराव्या वाढदिवसाच्या आसपास असलेली मुलगी आपलं तेराव्या वर्षाचं लिखाण समोर ठेवून बसली आहे. काठीनंही शिवू नये हे वाक्य तिला सहज गाळता आलं असतं. पुस्तक छापायचं हे तिच्या मनात होतं, आणि पुस्तकात आपण चांगलं दिसावं असं कुणालाही वाटेल. तिनं ते ठेवलं, आणि महिन्याभरानं काय दिसलं तेही ठेवलं. आमच्या मते संपूर्ण रोजनिशीत तिचं लेखक होणं सगळ्यात स्पष्ट इथं दिसतं.

पण पुनर्लेखनाला काय लागतं? कागद लागतो, टेबल लागतं (टेबलासाठी तिला भांडावं लागलं होतं, हेही तिनं लिहून ठेवलंय), वेळ लागतो. आणि बटाटे लागतात. मीप, बेप, क्लाइमन, कूगलर ही बाहेरची माणसं जीव धोक्यात घालून खाणं आणत होती. रेशनचे कूपन काळ्या बाजारातून मिळत होते. मार्च १९४४ मध्ये कूपन देणारे पकडले गेले आणि ताट आक्रसलं. मे महिन्यात भाजीवाल्यालाच अटक झाली, कारण त्यानं दोन ज्यूंना घरात लपवलं होतं. न्याहारी बंद, दुपारी लापशी आणि पाव, रात्री बटाटे, असा हिशेब ॲन मांडते. नासके बटाटे, तेच ते पदार्थ, सगळं होतं. तरी दर दिवशी काहीतरी शिजत होतं. जुलैमध्ये तर लिलावातून आलेल्या स्ट्रॉबेरींची खोकीच्या खोकी आली आणि सगळं घर जॅम करायला बसलं. या अन्नावर ते पुनर्लेखन उभं आहे. यानं ॲनचं मोठेपण उणं होतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तसं का वाटतं ते स्वतःला विचारावं.

जाता जाता एक गोष्ट. हॉलंडमधला तो प्रसिद्ध 'भुकेचा हिवाळा', ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाल्ल्याचा, तो १९४४-४५ चा. सुमारे वीस हजार माणसं त्यात गेली, कोळसा नाही म्हणून शाळाही बंद पडल्या. पण तोवर ही आठ माणसं पकडून नेली गेली होती. आपल्याकडच्या लेखांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

दुसरी रोजनिशी दाविद शेराकोव्याकची. गाव वूच, पोलंडमधलं कापडगिरण्यांचं शहर. नकाशात लोड्झ असंही लिहिलेलं दिसेल. दाविद १९२४ चा, गरीब घरचा, शिष्यवृत्तीवर शिकणारा, हुशार, डाव्या विचारांचा. त्यानं पोलिशमध्ये लिहिलेली रोजनिशी जून १९३९ मध्ये डोंगरातल्या एका शिबिरात सुरू होते. सप्टेंबरात जर्मन आले. वूच थेट जर्मन राइखला जोडलं गेलं, नावसुद्धा बदलून लिट्झमानश्टाट केलं. १९४० च्या एप्रिलअखेर घेट्टो बंद झाला, दीड लाखाहून जास्त माणसं आत.

वॉर्सा आणि वूच यांत एक फरक लक्षात ठेवा. वॉर्सात भिंतीच्या भोकांतून लहान मुलं धान्य चोरून आत आणत, त्यावर कित्येक घरं जगली. वूचमध्ये ते जवळजवळ अशक्य होतं. बंदोबस्त कडेकोट, आणि आतलं चलनसुद्धा वेगळं, बाहेर कवडीमोल. जे अन्न जर्मन पाठवतील तेच, आणि ते मिळणार घेट्टोच्या कार्यालयाकडून, काम करणाऱ्याला. त्यामुळे इथं अन्न म्हणजे छापील सूचना: अमुक दिवसांसाठी पाव इतका, बटाटे इतके ग्रॅम. दाविद या सूचना उतरवून घेतो, भाव उतरवून घेतो, आपली नोंद जोडतो.

या घेट्टोत सुरुवातीला शाळा होत्या. १९४१ च्या वसंतात दाविद पुन्हा शाळेत जाऊ लागला. शाळा मारिशिन भागात होती, रोज चालत जायचं. आणि शाळेत सूप मिळायचं. त्याच्या नोंदीत अभ्यासाचे विषय आणि सूप शेजारी शेजारी येतात, कसलाही संकोच न करता. पोरगा अभ्यासाचा भुकेला होता यात शंका नाही, भाषा, राजकारण, तत्त्वज्ञान, काय मिळेल ते वाचत होता. पण तो सुपासाठीही शाळेत जात होता. आपल्याकडे शाळेतल्या खिचडीवर नाक मुरडत 'पोरं काय, खिचडीसाठी येतात' म्हणणारे लोक आहेत. त्यांना ही पानं वाचायला द्यावीत. खिचडीसाठी येणं आणि शिकायला येणं ही दोन वेगळी येणी आहेत, हे भरल्या पोटाचं व्याकरण झालं.

मग १९४१ च्या शरदात जर्मनांनी व्हिएन्ना, प्राग, बर्लिन वगैरे शहरांतून सुमारे वीस हजार ज्यू आणून याच घेट्टोत टाकले. त्यांना ठेवायला जागा हवी म्हणून शाळेच्या इमारती घेतल्या. शाळा संपल्या. दाविदचं माध्यमिक शिक्षण नुकतंच पुरं झालं होतं. त्याला आता खोगीर-चामड्याच्या कामाच्या कारखान्यात जावं लागलं, सूप तिथं. जोडीला शिकवण्या. म्हणजे ज्ञान विकून पाव.

कंटाळवाणी आहे ही रोजनिशी, असं म्हणणारे वाचक आम्हाला भेटले आहेत. तक्रार खरी आहे. तेच ते: सूप, पाव, अशक्तपणा, हवा, राजकारणात नवीन काही नाही. पण हा कंटाळा कुठून येतो ते पाहायला हवं. १९३९ ची पानं उघडा. तिथं टोमणे आहेत, प्रसंग आहेत, माणसं आहेत. १९४२ कडे जाताना वाक्यं आखूड होतात, माणसं कमी होतात, ग्रॅम वाढतात. वाचायला, अभ्यासाला अंगात त्राण नाही, हे तो स्वतःच लिहितो. शैलीवर भुकेचा परिणाम कसा होतो याचा इतका तारखेवार पुरावा साहित्यात दुसरीकडे क्वचित सापडेल. समीक्षक म्हणून आपण तो पुरावा 'एकसुरीपणा' असं नाव देऊन बाजूला सारतो, आणि ॲनला मात्र 'जिवंत शैली'चे गुण देतो. दोघंही हुशार होती. एकीला कुणीतरी बटाटे आणून देत होतं.

या रोजनिशीतला सगळ्यात अवघड भाग दाविदच्या वडिलांचा आहे. ते मुलांच्या वाटणीचा पाव खातात. एकदा नाही, परत परत. दाविद ते संतापानं लिहितो, आईची बाजू घेतो, वडिलांना स्वार्थी म्हणतो. सप्टेंबर १९४२ मध्ये घेट्टोतली दहा वर्षांखालची मुलं, म्हातारे आणि आजारी मागण्यात आले. घराघरांत तपासण्या झाल्या आणि पंधरा हजारांहून जास्त माणसं मारायला नेली. त्यात अशक्त ठरवलेली दाविदची आई गेली. त्या दिवसांची पानं वाचताना हात थांबतो. आणि त्यानंतर वडिलांवरचा राग आणखी धारदार होतो.

इथं वाचक फार लवकर न्यायाधीश होतो. गोष्टीला एक खलनायक घरातच मिळतो, आणि ज्यांनी पावाचे ग्रॅम ठरवले ते दिसेनासे होतात. दाविदला ते दिसत होते, तो राजकारण समजणारा मुलगा होता. तरी संध्याकाळी कपाटातला तुकडा कमी झालेला दिसला की राग यायचा तो समोरच्या माणसाचा. उपासमार अशीच काम करते, ती घरातल्या घरात आरोपी तयार करते. मार्च १९४३ मध्ये वडील गेले. दाविदची शेवटची नोंद त्याच वर्षीच्या एप्रिलची, आणि ऑगस्टमध्ये क्षयानं तो गेला, वय एकोणीस. त्या घेट्टोत सुमारे ४३ हजार माणसं भुकेनं आणि रोगानं मेली, त्यांतली ही दोन. आम्ही म्हणू, की मुलाचा राग खरा मानावा आणि वडिलांचा निवाडा करू नये. दोन्ही एकाच वेळी करणं कठीण आहे, पण या पुस्तकाचा वाचक व्हायचं तर इलाज नाही.

आणि त्या वह्या. युद्धानंतर एक पोलिश माणूस आपल्या जुन्या घरात परतला तेव्हा त्याला चुलीवर वह्यांची चळत दिसली. काही वह्या ऊब आणि स्वयंपाकासाठी जाळल्या गेल्या असाव्यात असं मानतात. पाच उरल्या. १९४० सालची पानं जवळपास नाहीतच, म्हणजे घेट्टो बंद झाला तेव्हाची. कुणाचं तरी एखादं सूप कदाचित त्यांच्यावर उकळलं असेल. त्याबद्दल हळहळ वाटते, पण जाळणाऱ्याला दोष देववत नाही.

आपल्या घराजवळचंही एक सांगायला हवं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. ही मुलं जर्मन अंमलातली नव्हेत, पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांतली. इराणमार्गे ती इथं आली. छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते. कोल्हापूरकर त्याबद्दल प्रेमानं बोलतात, आणि बोलावंच. पण इथंही गोष्ट शाळा, गाणी, नाच आणि आपलं आदरातिथ्य इथंच थांबते. या वाटेनं आलेल्या मुलांच्या आठवणींत पाव उशीखाली लपवून ठेवण्याची सवय परत परत येते, पोटभर मिळायला लागल्यावरही. वर्गात बसलेल्या मुलाचं निम्मं लक्ष त्या उशीकडे असणार. वळिवड्याच्या शाळेबद्दल लिहिताना ती उशीही लिहिली पाहिजे.

तर, पुढच्या वेळी प्रश्न घेणार आहोत. त्याआधी ॲन फ्रँकच्या १३ डिसेंबर १९४२ आणि १३ जानेवारी १९४३ या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचून या. ज्यांना शक्य आहे त्यांनी दाविदची १९४१ च्या एप्रिल-मेमधली पानं वाचा, शाळा नुकती सुरू झाल्याची. वाचताना शाळेबद्दलच्या ओळींखाली निळी रेघ आणि अन्नाबद्दलच्या ओळींखाली लाल रेघ ओढून बघा. कुठं कुठं दोन्ही रेघा एकाच ओळीखाली येतात, तिथून बोलायला सुरुवात करू.